म्हसूची दवंडी आणि पडद्यावरची पत्रिका

निंबोळी नावाच्या गावात म्हसू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता. पण गाव तो म्हसूच्या पाठीमागे वापरायचं आणि म्हसू कधी मागे वळून बघायचा नाही, त्यामुळे त्याचं काही बिघडत नव्हतं.

म्हसूकडे गावाची दवंडी होती. एक पितळी थाळी आणि एक लाकडी टिपरू, एवढं सामान. नळाला पाणी कधी येणार, ग्रामसभा कधी, कुणाची शेळी हरवली, सगळं म्हसू सांगायचा. आणि दर रविवारी टीव्हीचे कार्यक्रम सांगायचा.

त्याचं असं होतं. गावाचा टीव्ही समाजमंदिरात होता. रविवारच्या वर्तमानपत्राबरोबर एक पान यायचं, त्यावर आठवडाभराचे कार्यक्रम छापलेले असायचे. म्हसू बायकोकडून पिठाची खळ करून घ्यायचा, ते पान पाराजवळच्या फळ्यावर चिकटवायचा आणि थाळी वाजवत गावभर फिरायचा. छापलेल्या पानावर गावाचा फार विश्वास. एकदा पानावर कीर्तन छापलं होतं आणि टीव्हीवर लागल्या कुस्त्या. गावानं कुस्त्या शेवटपर्यंत बघितल्या आणि मग टीव्ही चुकला असं ठरवलं.

एका रविवारी ते पान आलंच नाही. आतल्या बाजूला एक चौकट होती. यापुढे कार्यक्रमपत्रिका छापली जाणार नाही, वाचकांनी ती आपल्या टीव्हीच्या पडद्यावरच पाहावी, कळावे.

गाव हळहळलं. सगळ्यांत जास्त दुकानदार हळहळला, कारण आठवडा संपला की ते पान उतरवून तो त्यात शेंगदाणे बांधायचा. पडद्यात शेंगदाणे कसे बांधणार?

मग सरपंच केरबानानांनी तालुक्याहून बॉक्स आणला. समाजमंदिराच्या छपरावर छत्री बसली. नानांनी रिमोटचं एक बटण दाबलं आणि पडद्यावर यादी आली. किती वाजता काय, सगळं त्यात होतं. म्हातारी माणसंसुद्धा पुढे सरकून बघायला लागली.

आता इथं म्हसूच्या घरचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

म्हसूच्या घरात तिघं. तो, त्याची बायको यमुना आणि आई ठकूबाई. यमुनाच्या हातची कुळथाची शेंगोळी साऱ्या निंबोळीत नावाजलेली. कुणाकडे पाहुणे आले की निरोप यायचा, यमुनाला पाठवा. फक्त ठकूबाईनं सुनेला कधी बरं म्हटलं नाही. एक शेंगोळं तोंडात टाकायचं, नाक मुरडायचं, म्हणायचं, "चालंल." उरलेली शेंगोळी सकाळी पातेल्यात नसायची. ठकूबाई म्हणायची, मांजर खातं. शेंगोळी खाणारं मांजर पंचक्रोशीत दुसरं नव्हतं, आणि हेही कुणाला दिसलेलं नव्हतं.

तर त्या महिन्यात टीव्हीवाले तालुक्याला आले होते. गावोगावच्या बायकांच्या हातचं दाखवायचा त्यांचा कार्यक्रम होता. यमुना गेली, कॅमेऱ्यापुढे शेंगोळी करून आली. कधी लागणार विचारलं तर ते म्हणाले, यादीत येईल, बघत राहा.

यमुना घरी येऊन म्हसूला म्हणाली, "अवो, आख्ख्या जगानं वा म्हटलं तरी मला काय करायचंय? आत्याबाईंनी ते बघावं आणि एकदा तोंडानं म्हणावं, बरी केलीस. लगीन झाल्यापासनं वाट बघतीय मी. यादीवर ध्यान ठेवा."

"ठेवतो," म्हसू म्हणाला.

"कागद असता तर माझं नाव कापून देव्हाऱ्यात ठेवलं असतं," यमुना म्हणाली. "पडदा काय कापता येतोय?"

म्हसू म्हणाला, "इचारून बघतो." यमुनानं त्याला शपथ घातली की विचारूही नका.

आता यादीचं काम सुरू झालं. केरबानानांनी म्हसूला बोलावलं, पडद्यावरची यादी दाखवली आणि म्हणाले, "हे बघ म्हसू. आता हीच आपली पत्रिका. कागदाचं जसं करत व्हतास तसंच हिचं करायचं. समजलं का?"

"समजलं," म्हसू म्हणाला.

समजलं असं म्हसूला नेहमीच वाटायचं. अडचण तिथंच होती.

तो घरी आला. यमुनाला म्हणाला, "खळ कर. आज जास्त कर. पान जाड हाय."

तिनं भांडंभर खळ करून दिली. म्हसूनं समाजमंदिरातला टीव्ही उचलला, पारापाशी आणला, त्याच्या पाठीला खळ फासली आणि फळ्यावर दाबून धरला. टीव्ही काही चिकटेना. मग त्यानं बैलाचा कासरा आणून टीव्ही फळ्याला बांधला. पडद्याकडे निरखून बघितलं. मग थाळी घेतली.

"ऐका हो ऐका! येता आठवडाभर टीव्हीवर काही नाही! सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं काळं आहे!"

बायकांनी कपाळावर हात मारून घेतला. मालिकेतल्या सुनेचं बाळंतपण तोंडावर आलं होतं.

केरबानाना धावत आले. टीव्ही बघितला. खळ बघितली. म्हणाले, "आरं गाढवा, टीव्ही कुणी हलवतंय का? तारा छपराला जोडल्यात त्याच्या! हे बघ. जी वस्तू जागेवर हाय, ती जागेवरच ठेवायची. माणसांनी तिच्याकडं यायचं. समजलं का?"

"समजलं," म्हसू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईनं त्याच्या हातात भाकरीचं फडकं दिलं. तिचा भाऊ गेनूमामा डोंगराखालच्या रानात एकटाच नांगरत होता. "मामाला भाकर दे," ती म्हणाली.

म्हसूनं भाकरी ओट्यावर ठेवली. जागेवर. मग उन्हातान्हात रान गाठलं. मामा भुकेनं बांधावर टेकला होता.

"मामा, भाकर आली."

"कुठं हाय?"

"घरी हाय. चला."

मामा काय करणार! नांगर सोडला, बैल बाभळीला बांधले, चालत घरी आला. ओट्यावर भाकरी नव्हती. ती कोंबड्यांनी केव्हाच फोडली होती. मामानं फडकं झटकलं आणि मग म्हसूला.

"आरं, मला काम सोडून येता येत न्हाई म्हणून तर भाकर धाडायची! ज्याला येता येत न्हाई, त्याच्यापाशी वस्तू आपण न्यायची असती! डोक्यावरनं न्यायची, पर न्यायची! समजलं का?"

"समजलं," म्हसू म्हणाला. ही गोष्ट त्यानं अगदी पक्की लक्षात ठेवली. ती तेव्हाच विसरला असता तर बरं झालं असतं.

मधल्या काळात पडद्यावरच्या यादीचे गुण गावाला कळत होते. कागदाचं एक बरं होतं, छापलं की छापलं. पडद्याचं तसं नव्हतं. एका संध्याकाळी म्हसूनं सांगितलं सातला भजन. सारी म्हातारी मंडळी टाळ घेऊन समाजमंदिरात बसली. तर क्रिकेट लांबलेलं. भजन पुढे ढकललेलं आणि यादीतही तसं लिहून आलेलं. म्हाताऱ्यांना क्रिकेट कळेना. प्रत्येक चौकाराला त्यांनी टाळ वाजवले.

नाना म्हणाले, "पडद्यावरची पत्रिका बदलती, म्हसू. बदल झाला रं झाला की लगीच गावाला सांगायचं. समजलं का?"

"समजलं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच थाळी वाजली. "ऐका हो ऐका! आमच्या घरच्या दुपारच्या जेवणात बदल झाला आहे! वांगं होणार होतं, त्याजागी पिठलं होईल!" यमुनानं त्याला आत ओढलं. पण दोन शेजारणी तोवर ताट घेऊन आल्या होत्या. त्यांना पिठलं आवडायचं.

यमुना रोज विचारायची, "आलं का माझं नाव?" म्हसू रोज यादी वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचायचा आणि सांगायचा, नाही आलं. तिचा चेहरा उतरायचा. ठकूबाई म्हणायची, "टीव्हीवाल्यांनी खाऊन बघितली असतील शेंगोळी. आता कशाला दाखवत्यात?"

मग आला सिनेमाचा घोळ. म्हसूनं दवंडी दिली, दुपारी दोनला ‘देवाघरची माया’. बायका हळदीकुंकू लावून आल्या. सिनेमा भुताचा निघाला. पहिल्या किंकाळीला निम्मं समाजमंदिर खिडकीवाटे बाहेर पडलं.

नानांनी रिमोट घेतला. "नुसतं नाव सांगून भागत न्हाई. हे बटण दाबलं की आत काय घडतंय ते थोडक्यात येतं. बघ, आलं. कार्यक्रम कुठलाबी असू दे, आत काय हाय ते थोडक्यात सांगत जा. समजलं का?"

"समजलं," म्हसू म्हणाला.

आणि नेमका त्याच आठवड्यात नानांच्या पुतणीला बघायला पाहुणे यायचे होते. गावात मुलगी बघायचाही कार्यक्रमच असतो. पाहुण्यांची जीप पाराशी थांबली. रस्ता विचारायच्या आधी बापलेक तिथंच भांडले. म्हसू शेजारी उभा होता. पण म्हसूपुढे कुणी बोलायचं थांबत नसे. जीप पुढे गेली आणि म्हसूनं थाळी घेतली.

"ऐका हो ऐका! आज चार वाजता केरबानानांच्या घरी मुलगी बघण्याचा कार्यक्रम! थोडक्यात: मुलाला लग्न करायचं नाही! त्याचं दुसरीकडं जमलेलं आहे! बापाच्या धाकानं पोहे खायला आला आहे!"

पोहे अजून कढईत होते. पाहुणे उठले. जीप सुरू झाली. पुतणीनं मागच्या दारानं म्हसूला लाडू दिला, कारण तिलाही तो मुलगा नको होता. पण नानांचा पारा चढला तो उतरेना.

"आरं, आतली गोष्ट गावाला ओरडून सांगायची असती व्हय? थोडक्यात सांगायचंच असंल, तर ज्याचं त्याला सांगायचं! घरात जायचं, समोर बसायचं, त्याच्याच तोंडावर सांगायचं! समजलं का?"

"समजलं," म्हसू म्हणाला आणि लाडू खाल्ला.

त्यानंतर एका दिवशी मालिकेतल्या बाळंतपणाच्या ऐन वेळी वीज गेली. मुलगा की मुलगी, कुणाला कळेना. बायका रडकुंडीला आल्या. वीज आल्यावर नानांनी यादी चाळली आणि त्यांचा चेहरा उजळला. "आगं, उद्या सकाळी अकराला हेच परत दाखवणार हायती! म्हसू, हे ध्यानात ठेव. कुणाचं काही बघायचं चुकलं, तर त्याला धीर द्यायचा. काळजी करू नका, उद्या अकराला परत हाय, असं सांगायचं. समजलं का?"

"समजलं."

मग हनुमान जयंती आली. मारुतीचा जन्म सूर्योदयाला. निंबोळी आदल्या रात्री भारूड ऐकत बसलेली, त्यामुळे निम्मं गाव झोपून राहिलं. पुजाऱ्यानं जन्म लावला, गुलाल उधळला, सुंठवडा वाटला आणि देवळाला कडी घालून घरी गेला. उशिरा उठलेली माणसं नारळ घेऊन देवळाशी आली आणि चुकचुकायला लागली. म्हसूला त्यांची दया आली.

"ऐका हो ऐका! ज्यांचा मारुतीचा जन्म चुकला त्यांनी काळजी करू नये! मारुतीराय उद्या सकाळी अकराला परत जन्मणार आहेत!"

आणि गाव आलं की! अकराच्या ठोक्याला नारळ घेऊन आलं. पुजारी दाढी करत होता. त्यानं खूप समजावलं की देव एकदाच जन्मतो. पण नारळांची रास बघून त्यालाही वाटलं, एवढी माणसं परत पाठवणं बरं दिसत नाही. त्यानं तोंडाचा साबण पुसला आणि मारुतीला पुन्हा जन्माला घातलं. त्यामुळे या एका बाबतीत म्हसूला कुणी बोललंच नाही. चूक झाली आणि बोलणी बसली नाहीत, की ती चूक माणसाच्या अंगात मुरते.

आणि एका सकाळी यादीत नाव आलं.

म्हसूनं ते आधी हळू वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. मग धावत घरी आला. "यमुने, आलं! गुरुवारी दुपारी चारला! निंबोळीच्या यमुनाबाई करतात झणझणीत शेंगोळी! आणि शुक्रवारी अकराला परत!"

यमुना मटकन खाली बसली. हसायला लागली, मग डोळ्यांना पदर लावला. मग लगेच उठून म्हणाली, "आत्याबाईंना सांगा."

ठकूबाई म्हणाली, "रोज खाते ती टीव्हीत कशाला बघू?"

गुरुवार उजाडला. म्हसूनं दवंडी दिली ती अगदी बिनचूक. कुठं यायचं, किती वाजता, काय आहे, सगळं. गाव म्हणालं, म्हसू सुधारला. साडेतीनलाच समाजमंदिर भरलं. पुढच्या सतरंजीवर यमुना, ठेवणीतलं लुगडं नेसून. तिच्या शेजारी एक जागा मोकळी. ती जागा ठकूबाईची. कुणी तिथं टेकायला लागलं की यमुना म्हणायची, "आत्याबाई येत्यात."

चार वाजत आले. ठकूबाई आली नाही. यमुना म्हसूला कळवळून म्हणाली, "अवो, जावा ना. काहीबी करा, पर त्यांनी हे बघितलं पायजे."

म्हसू धावत घरी गेला. ठकूबाई बाजेवर बसली होती.

"आई, चल."

"माझं गुडघं दुखत्यात. मला येता येत न्हाई."

येता येत नाही! म्हसूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याला येता येत नाही, त्याच्यापाशी वस्तू आपण न्यायची असते. डोक्यावरून न्यायची, पण न्यायची. गेनूमामानं सांगितलं होतं.

"तू बस," तो आईला म्हणाला. "मी आलोच."

समाजमंदिरात साबणाची जाहिरात चालली होती. म्हसू आत आला, माणसांतून वाट काढत पुढे गेला. लोकांना वाटलं, आवाज वाढवायला आला. त्यानं तारा उपटल्या, टीव्ही डोक्यावर घेतला आणि निघाला. दारापाशी लोकांनी त्याला वाटही करून दिली. गाव थोडा वेळ रिकाम्या फळीकडे बघत राहिलं. मग नाना "आरं धरा त्याला!" म्हणून ओरडले आणि सारं गाव उठून पळालं. सगळ्यांच्या पुढे यमुना. ठेवणीतलं लुगडं खोचून.

म्हसूनं टीव्ही आईच्या बाजेपुढे ठेवला. आईच्या हातात रिमोट दिला. चार वाजले.

"ह्यात काय बी दिसत न्हाई," ठकूबाई म्हणाली. "मीच दिसतीया."

म्हसूनं वाकून बघितलं. खरंच, काळ्या काचेत आईच दिसत होती. त्याला वाईट वाटलं. यमुनानं सांगितलं होतं, काहीही करा. मग त्याला नानांचं आठवलं. थोडक्यात सांगायचं असेल तर ज्याचं त्याला सांगायचं, समोर बसून, तोंडावर. तो आईसमोर मांडी घालून बसला.

"आई, आत काय हाय ते मी थोडक्यात सांगतो. सून शेंगोळी करती. सासू नाक मुरडती. म्हणती, चालंल. मग सगळी निजली की सासू उठती. चुलीपाशी बसती. पातेलं निपटून खाती. बोटंबी चाटती. आणि सकाळी म्हणती, मांजर."

ठकूबाईचा चेहरा पडला. "मेल्या, हे तुला कुणी सांगितलं?"

"मी चुलीपाशीच निजतो."

"मग इतकं दिस बोलला का न्हाईस?"

"कुणी इचारलंच न्हाई."

 ठकूबाई काचेतल्या ठकूबाईकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "लई ग्वाड हात हाय रं तिचा. माझ्या आईलाबी अशी शेंगोळी जमली न्हाईत. पयल्या दिवशी म्हणायचं ऱ्हाऊन गेलं आन मग म्हणायला लाज वाटाया लागली. तिला सांगू नगंस. डोक्यावर बसंल."

असं म्हणून ठकूबाईनं वर बघितलं. दारात सारं गाव उभं होतं. सगळ्यांच्या पुढे यमुना. पळून पळून तिला धाप लागलेली, आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. एवढ्या वर्षांचं ओझं एकदम उतरलं की माणूस असाच रडतो. ती आत आली आणि सासूच्या पायाशी बसली. ठकूबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग लगेच काढून घेतला, कारण गाव बघत होतं.

खरं तर गोष्ट इथंच संपायला पाहिजे होती. दुसऱ्या कुणाची असती तर संपली असती.

पण दार अरुंद आणि गाव मोठं. मागे उभ्या असलेल्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. "काय म्हणाली? काय म्हणाली ठकूबाई?" मागून ओरडा सुरू झाला. "आमचं ऐकायचं चुकलं की!"

चुकलं! म्हसूनं थाळी उचलली.

"ऐका हो ऐका! ज्यांचं चुकलं त्यांनी काळजी करू नये! माझी आई उद्या सकाळी अकराला परत कबूल होणार आहे! इथंच!"

शुक्रवार उजाडला. केरबानानांनी टीव्ही स्वतः नेऊन समाजमंदिरात ठेवला होता, तारा स्वतः जोडल्या होत्या आणि शेंगोळीचा कार्यक्रम शोधून लावून ठेवला होता. अकरा वाजले. पडद्यावर यमुना आली. नवं लुगडं, हातात कुळथाचं पीठ, तोंडभर हसू. सतरंज्या रिकाम्या होत्या. समोर फक्त एक मांजर बसलं होतं. खरं मांजर.

कारण सारं गाव म्हसूच्या अंगणात बसलं होतं. नानाही तिथंच होते. शेजारच्या वाडीवरूनही माणसं आली होती. दुकानदार शेंगदाणे विकत होता, हिरव्या पानांत बांधून. गेनूमामा नांगर सोडून आला होता आणि या वेळी स्वतःची भाकरी बरोबर घेऊन आला होता.

ठकूबाई उलथणं हातात घेऊन दारात आली. पिठलं हलवता हलवता उठली होती. बघते तो अंगणभर माणसं, सगळी तिच्या तोंडाकडे बघत बसलेली.

"काय रं? कोण मेलंय?"

"कुणी न्हाई, आई," म्हसू म्हणाला. "अकरा वाजलं. कालचं म्हण. लई ग्वाड हात हाय तिथनं."

ठकूबाईनं एकदा गावाकडे बघितलं. एकदा लेकाकडे. मग उलथणं उगारलं.

म्हसू पळाला. त्याच्यामागे ठकूबाई. पाराला वळसा, देवळाला वळसा. यमुना पदर तोंडात कोंबून हसत होती आणि तिला हसू आवरेना. उलथणं म्हसूच्या पाठीत एकदा बसलं, दोनदा बसलं. तिसऱ्यांदा बसलं तेव्हा म्हसूला आठवलं की आज ठरलं होतं एक आणि चाललंय भलतंच. आणि बदल झाला की गावाला लगेच सांगायचं असतं. पळता पळताच त्यानं थाळी वाजवायला सुरुवात केली.

"ऐका हो ऐका! अकराच्या कार्यक्रमात बदल झाला आहे! आई कबूल होणार होती, त्याजागी आई मला मारती आहे! थोडक्यात: उलथणं लोखंडी आहे, आणि आईचे गुडघे बरे आहेत! ज्यांचं बघायचं चुकलं त्यांनी काळजी करू नये! उद्या अकराला परत!"

आणि दुसऱ्या दिवशी अकराला निंबोळी गाव परत आलं.